हार घालणारी मुलगी

शाळा हलवायची असेल तर आधी पालकांची सभा घ्यायची, असा नियम आहे. निर्णय वर झालेला असतो, खाली फक्त लोकांना विचारायचं असतं. लग्न ठरवून, हॉल बुक करून मग नवरीला विचारावं, मुलगा पसंत आहे ना, तसंच हे. प्रीती तालुक्याची शिक्षण अधिकारी होती, तेव्हा हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी त्या मार्चच्या सकाळी खंडवा रोडने महूजवळच्या सिमरोलकडे जाताना तिने मनाशी ठरवलं होतं, की आपण मात्र खरंच विचारायचं.

सिमरोलच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत सहावी ते आठवीची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि स्मिता नावाची एकटी शिक्षिका गणितापासून संस्कृतपर्यंत सगळं शिकवत होती. हायवेच्या पलीकडे मोठी शाळा होती. तिथे प्रयोगशाळा, कॉम्प्युटर, विषयाला वेगळा शिक्षक. वस्तीतले वर्ग तिकडे न्यायचे, असा प्रस्ताव होता. प्रस्ताव वाईट नव्हता. मध्ये हायवे होता, एवढंच.

गाडीत शेजारी तिचे वडील बसले होते. भाऊराव फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले होते आणि महूला राहत होते. सभेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण वस्तीत बरीच घरं आपल्या माणसांची, म्हणजे महूच्या पलटणीत आलेल्या मराठी बौद्ध माणसांच्या नातवंडांची. भाऊरावांनी आदल्या दिवशीच फोन फिरवले होते.

"पप्पा, सत्कार-बित्कार नको हं," प्रीती म्हणाली. "मला त्यांचं ऐकायचंय."

"अरे बेटा, दोन मिनिटांत आटपेल. फिर तू सुनती रहना आरामसे."

आपल्या लोकांचा सत्कार दोन मिनिटांत आटपल्याचं कुणी ऐकलंय का? आधी वंदना झाली. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग वस्तीतल्या प्रत्येक जाणत्या माणसाने माइक धरला आणि प्रीतीच्या पणजोबांपासून सुरुवात केली. सातवीतली एक मुलगी हार घेऊन आली. हार मोठा आणि मुलगी बुटकी, म्हणून प्रीतीने मान खाली घातली, तर हार घालता घालता मुलगी खुदकन हसली आणि प्रीतीलाही हसू आलं. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला.

"नाव काय गं तुझं?"

"पिंकी."

"खूप शिक हं, पिंकी."

पिंकीने जोरात मान हलवली. पहिल्या रांगेत भाऊराव रुमालाने डोळे पुसत होते.

सत्कार संपेपर्यंत पुरुष घड्याळाकडे बघायला लागले होते. कुणाची कॅम्पसमध्ये ड्यूटी होती, कुणाचं शेतात काम. पलीकडच्या मोठ्या इंजिनियरिंग संस्थेचा कॅम्पस अर्ध्या वस्तीला पोसत होता. प्रीतीने घाईघाईने प्रस्ताव सांगितला आणि विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मागे बायकांमध्ये एक वयस्क बाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला, घसा साफ केला. "मॅडमजी, एक पूछना था..."

तेवढ्यात भाऊराव वळले. त्यांचा आवाज परेड ग्राउंडवरचा. "ताई, बसा खाली! साहेब आपल्याच आहेत. आपली पोरगी आपल्या लेकरांचं वाईट करेल का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई ओशाळून हसली, हात जोडले आणि खाली बसली.

प्रीतीला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं: पप्पा, त्यांना बोलू द्या. ते ओठांवर आलंही होतं. पण चारचौघांत, डोळे पुसणाऱ्या बापाला गप्प करायचं? आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. प्रश्न नाही म्हणजे भांडण नाही. गंगेत घोडं न्हालं. प्रस्तावासोबत तिने हाराचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, ग्रामस्थांनी निर्णयाचं एकमताने स्वागत केलं.

परतताना भाऊराव खुशीत होते. "बघितलंस? किती मानतात लोक तुला!" प्रीती खिडकीबाहेर बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं तिचं. कुणी काही बोललं नव्हतं, आणि तिला मात्र सारखी ती बाई खाली बसताना दिसत होती.

पावसाळ्यात शाळा भरल्या. ऑगस्टमध्ये प्रीती मोठ्या शाळेच्या तपासणीला गेली. तपासणी हे निमित्त. वस्तीतली मुलं नव्या वर्गांत बसलेली पाहून तिला हायसं वाटलं. प्रयोगशाळेत मुलं काचेच्या नळ्यांवर झुकून काहीतरी रंगीत ओतत होती. मग तिने स्मिताला विचारलं, कारण स्मिताही आता याच शाळेत होती, "हार घालणारी मुलगी कुठाय? पिंकी?"

स्मिता खाली बघायला लागली. "ती नाही येत मॅडम. सुरुवातीला आली थोडे दिवस."

"मग मला कळवलं का नाही?"

कळवून काही होत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"घरी कोण असतं तिच्या?"

"आजीच फक्त. भीमाबाई. सभेत उठल्या होत्या बघा, त्याच."

भीमाबाई कॅम्पसच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. प्रीती तिथे गेली, तेव्हा त्या मागच्या दाराशी पायरीवर बसून चहा पीत होत्या. साहेबाला बघून धडपडत उठल्या. "अरे मॅडमजी! जय भीम! बसा, बसा." धावत आत जाऊन त्यांनी खुर्ची आणली, पदराने पुसली, आणि चहा घेतल्याशिवाय काही बोलूच देईनात.

प्रीतीने चहा घेतला. मग विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्हाला काय विचारायचं होतं?"

"कब? अच्छा, वो! काही नाही हो, बारीकसारीक होतं."

"तरी सांगा."

"शाळा सुटते साडेचारला. सकाळी मी सोडते, पण माझी ड्यूटी सुटते पाचला. पिंकीला रोड क्रॉस करायची भीती वाटते, डंपर कसे येतात बघता ना तुम्ही? बाकी पोरांना कोणी ना कोणी न्यायला येतं. म्हणून विचारायचं होतं, सुटल्यावर अर्धा-पाऊण तास पोरीला गेटच्या आत बसू देतील का? मी आले की घेऊन गेले असते. बस, इतना ही."

सभेत याला हो म्हणायला एक क्षण लागला असता.

"मग शाळेत विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं ना. चौकीदार बोला, सुटल्यावर गेटला ताला लावायचा, मोठ्या मॅडमचा ऑर्डर आहे. म्हटलं, मॅडमचा ऑर्डर असेल तर विचार करूनच काढला असेल." भीमाबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर प्रीतीला सोसला असता. "मग पोरगी एकटीच निघाली. एक दिवस बीच में डिव्हायडरवर अडकली. इकडे येता येईना, तिकडे जाता येईना. मी आले तर थरथर कापत होती. त्यानंतर गेलीच नाही. आमचंच नशीब, मॅडमजी. तुम्ही तर चांगलंच केलं होतं."

शाळेत चोरी झाली म्हणून गेटचा तो ऑर्डर प्रीतीनेच काढला होता. तिने तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. वस्तीतल्या मुलांना साडेपाचपर्यंत आत बसू द्या, उद्यापासून. ते लगेच "हो मॅडम" म्हणाले. वरातीमागून घोडं, आणि तेही किती सहज आलं!

"पिंकी कुठाय आता?"

"शहरात, भंवरकुआंला. माझी बहीण बेबी लडकियों के हॉस्टेलमध्ये स्वयंपाक करते, तिच्याजवळ ठेवली. एकटी घरात कशी ठेवू? थांबा, बोला तिच्याशी." भीमाबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "पिंकी, मोठ्या मॅडम आल्यात आपल्याकडे!"

"कोण? ज्यांना मी हार घातला त्या?" पिंकीचा आवाज एकदम उजळला. मागे डब्यांचा खणखणाट होता.

"पिंकी," प्रीती म्हणाली, "काय करतेस गं तिथे?"

"टिफिन भरते. दीदी लोक कोचिंगला जातात ना, त्यांचे."

"शाळेत ये परत. आता आत बसून आजीची वाट बघता येईल तुला. रोडवर एकटीने जायचं नाही."

मग पिंकी हळूच म्हणाली, "आता नको मॅडम. सगळं पुढे गेलं असेल. मेरे को कुछ नी आयेगा."

"येईल. मी स्वतः येते तुला घ्यायला. परवा रविवारी."

"बघू," पिंकी म्हणाली, मोठ्या माणसांना टाळताना मोठी माणसं म्हणतात तसं. आणि मग घाईने, "मॅडम, एक मागू? तो फोटो आहे का तुमच्याकडे, हाराचा? इथल्या दीदींना सांगितलं मी साहेबांना हार घातला, तर कोणी मानतच नाही."

फोटो प्रीतीच्या फोनमध्ये होता. प्रस्तावाला जोडलेला तोच. तिने भीमाबाईंकडून नंबर घेतला आणि फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी महूला जाऊन तिने वडिलांना सगळं सांगितलं. भाऊरावांनी टीव्ही बंद केला.

"मीच खाली बसवलं तिला," ते म्हणाले.

"हो पप्पा. आणि मी बसू दिलं."

इतक्यात तिचा फोन वाजला. पिंकीचा मेसेज होता, "थँक्यू मॅडम", आणि पुढे बरीच फुलं. वर गोलात पिंकीने नवा डीपी लावला होता. स्वतःची बाजू तिने जवळजवळ कापूनच टाकली होती. फोटोत प्रीतीच होती, गळ्यात हार घालून हसत.