करवंटीच्या कोळशाची सेवा

मी करवंटीचा कोळसा आहे. जाळीच्या पुरचुंडीत बांधलेला, उस्मानपुऱ्यातल्या एका खिडकीत ठेवलेला. सवड असेल, तर जाण्यापूर्वी माझे चार शब्द ऐकून घ्या.

एके काळी माझ्या पोटात गोड पाणी होते आणि माथ्यावर समुद्राचा वारा. नारळ देवापुढे फुटला, खोबरे प्रसादाला गेले, मी भट्टीत गेलो. त्या आगीने माझ्या देहात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली. पाण्यातला रंग, वास, मळ आपल्यात ओढून घ्यावा, हाच माझा धर्म झाला.

घरधनी अप्पारावांनी मला क्रांती चौकातून आणले आणि माशाच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये बसवले. पहाटे ते काचेपाशी हलक्या आवाजात नाम घेत. सोनेरी मासा जागच्या जागी पर हलवत राही. तसल्या पहाटा पुन्हा लाभल्या नाहीत. पंधरवड्यातच अप्पा गेले.

भेटायला आलेल्या माणसांना काय बोलावे ते सुचेनासे झाले, की ती टाकीत चिमूटभर मुरमुरे टाकीत. पाणी बदलण्याचे भान कोणाला असणार? माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले.

"अतुल, ह्यांच्या हातचा एवढाच जीव राहिलाय रे," सत्यभामाबाई मुलाला म्हणाल्या.

अतुलने औषध आणून मापाने टाकले. पाणी निळे झाले. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सकाळपर्यंत ते स्वच्छ केले. दुसऱ्या दिवशीही तेच. ठिपके मात्र वाढत गेले.

"औषधच नकली दिसतंय. आता दुप्पट टाकतो," अतुल म्हणाला.

"अहो, थांबा! मारता का काय त्याला?" त्याची बायको करुणा धावली. "आधी निळं पाणी गेलं कुठं, ते बघा. एरवी पिवळं झालेलं पाणी कोण साफ करतं?"

"कोळसा."

"मग निळं काय तुमचे दोस्त येऊन पिऊन गेले?"

सत्यभामाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

करुणाने मला बाहेर काढले. फिल्टरचा स्पंज तसाच ठेवला, हवेचा पंप चालू ठेवला, थोडे पाणी बदलले आणि औषध सांगितले होते तेवढेच टाकले. निळेपण टिकले.

सेवा म्हणजे अखंड करीत राहणे, असे मी मानीत आलो. वेळ आली की बाजूला होणे, हीही सेवाच असते, हे मला या खिडकीत उमगले. इथूनच मी एकेक ठिपका मावळताना पाहिला. आज मासा पोटभर जेवला.

"ह्यांनी बसवलेला आहे, कचऱ्यात कसा टाकू? तुळशीत ठेवते," सत्यभामाबाई म्हणतात.

माउली, तसे करू नका. माझ्या अंगात औषध मुरले आहे. मला धुऊन पुन्हा टाकीतही बसवू नका. पाण्यात उरलेले औषध शोषायला आता नवा कोळसा आणा. मला कागदात गुंडाळून निरोप द्या. अप्पांची आठवण म्हणून जपायचे ते माझ्यात नाही. ते समोर पोहते आहे.