करवंद काही फळ नव्हे

सरुबाईनं सहावी मोसंबी म्हशीच्या पुढ्यात टाकली आणि दाराकडं एकवार बघून घेतलं. पहिल्या पाच मोसंब्या म्हशीनं मुकाट्यानं खाल्ल्या होत्या. सहावीला मात्र तिनं नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

"खा गं बये," सरुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "आता तू तरी नखरं करू नगंस."

मग तीच वाकली, मोसंबी पायाखाली दाबून फोडली आणि वैरणीत मिसळली. म्हशीनं पेंढ्याबरोबर ती ओढली तेव्हा कुठं सरुबाईचा जीव भांड्यात पडला. हात धुऊन, पदराला पुसून ती जणू काही झालंच नाही अशी चुलीपुढं येऊन बसली.

गेले तीन आठवडे टाकव्यातल्या त्या घरात दर सोमवारी सकाळी हेच चाललं होतं. बजरंग, तिचा एकुलता एक लेक, लोणावळ्याला रेल्वेच्या लोको शेडात कामाला होता. शनिवारी संध्याकाळी तो घरी यायचा आणि कापडी पिशवी आईच्या हातात द्यायचा. आईसमोर बायकोच्या हातात काही द्यायची त्याला लाज वाटायची. "हिराला दे गं आये, रोज एक," एवढंच बोलून तो पाय धुवायला जायचा. रविवारी सरुबाई मोसंब्या कणगीत दडवून ठेवायची. सोमवारी पहाटेची एसटी धरायला तो कान्हे फाट्याकडं चालू लागला, की त्या म्हशीच्या पोटात जायच्या. त्याच्या घामाची वस्तू अशी गोठ्यात घालताना तिला बरं वाटत होतं असं कुणी समजू नये. पण दुसरा इलाजच नव्हता.

हिराला सातवा महिना लागला होता. मागच्या वर्षी पहिलं पोर आठव्यात झालं आणि रडलंच नाही. म्हणून या खेपेला बजरंगनं आईचं न ऐकता तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगात रक्तच नाही हिच्या. अशा रक्तावर बाळंतपण निभावणं अवघड आहे हो. या गोळ्या द्या, पालेभाजी द्या आणि मुख्य म्हणजे रोज फळ खायला घाला. गोळ्या अंगी लागायच्या तर फळ हवंच. तीन आठवड्यांनी परत आणा."

गोळ्यांचं काही नव्हतं. गोळी सरुबाई स्वतः हिराच्या तळहातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. पालेभाजीही रोज शिजत होती. पथ्यपाण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, हे ती पाणवठ्यावर चार बायकांत छाती पुढं काढून सांगायची. पण फळ म्हणताच तिच्या काळजात धस्स झालं होतं.

कारण फळ म्हणजे मोसंबी, आणि मोसंबी कुणाच्या घरात येते ते सगळ्या गावाला माहीत होतं. धडधाकट माणसासाठी मावळात कुणी मोसंबी विकत आणल्याचं तिनं बापजन्मात बघितलं नव्हतं. आजारी माणसानं अंथरूण धरलं, वैद्यानं मान हलवली, पाहुण्यांना सांगावे गेले, की मग कुणीतरी पुण्याहून मोसंब्या घेऊन यायचा. सालं दारात पडलेली दिसली, की येणारी-जाणारी माणसं आवाज खाली करायची.

आणि तिच्या स्वतःच्या घरात मोसंबी एकदाच आली होती. अठरा वर्षं झाली त्याला.

मुक्ती सात वर्षांची होती तेव्हा. बजरंगच्या पाठची. मुदतीच्या तापातून उठली, पण सावरेना. सरुबाईनं तीन महिने तिला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलं. तेल नाही, तिखट नाही, आंबट तर नावालाही नाही. तरी पोरगी वाळत चालली. हिरड्या सुजल्या, दात घासताना रक्त यायला लागलं, पाय धरून ती कळवळायची. सरकारी दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर म्हणाला, "हिला फळं घाला. औषधानं भागायचं नाही." फळं आणायची कुठून? भाताची पेंढी सोडून मुक्तीचा बाप कोंडाजी पुण्याला गेला. चार मोसंब्या धोतराच्या सोग्यात बांधून तिसऱ्या दिवशी तो परत आला. मुक्तीनं एक फोड चोखली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पुढं कोंडाजीही गेला. मुक्तीचं नाव घरात निघेनासं झालं. सरुबाईला एकाच गोष्टीचा आधार होता, आणि तो तिनं अठरा वर्षं घट्ट धरून ठेवला होता. पथ्यात आपण कमी पडलो नाही. पोरीनं रडून रडून बांधावरचा आवळा मागितला, तरी मन घट्ट करून दिला नाही. आजारी लेकराला आंबट कोण देतं? एकदा तर तिनं हातात लपवून आणलेला आवळा सरुबाईनं हातावर चापट मारून पाडला होता. ती चापट तिला अजून आठवायची. पण मग ती स्वतःलाच समजवायची, की मारलं ते तिच्या जिवासाठीच मारलं.

"मावशी, हायसा का?"

ठाकरवाडीतली बाया दारात उभी होती. डोक्यावरची पाटी तिनं ओट्यावर उतरवली. पाटीत पळसाच्या पानांखाली काळीभोर करवंदं होती. वैशाखात डोंगरावरून उतरून ती लोणावळ्याच्या स्टेशनावर करवंदं विकायला जायची, पण हिराला डोहाळे लागल्यापासून वाट वाकडी करून आधी या दाराशी यायची.

"दे की. ही बघ, तुझी वाटच बघतीया," सरुबाई म्हणाली आणि सुपात तांदूळ घ्यायला आत गेली.

हिरानं ओच्यात दोन ओंजळी करवंदं घेतली आणि तिथंच पायरीवर बसून खायला लागली. चीक ओठाला लागला तरी तिला भान नव्हतं. कच्चं-पिकं काही ती बघत नव्हती. सरुबाई कौतुकानं बघत होती. डोहाळे अडवू नयेत, पोटातल्या जिवाला रुखरुख लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या पोरीला करवंदाचे डोहाळे लागले म्हणून तीन आठवडे घरातला तांदूळ बायाच्या पाटीत जात होता आणि सरुबाईला त्याचं काही वाटत नव्हतं.

बाया गेली. हिरा बोटं चाटत तशीच बसली होती. मग खाली मान घालून म्हणाली,

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार की."

"शेण काढताना बिया दिसत्यात. मोसंबीच्या."

सरुबाईच्या हातातलं सूप हलायचं थांबलं. बजरंगला सांगितलं असेल का हिनं? पण हिराच्या तोंडावर राग नव्हता. भीती होती.

"मी ह्यास्नी बोलले न्हाई," हिरा म्हणाली. "पर डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, फळ खाल्लं न्हाई तर गोळी लागू पडायची न्हाई. मागल्या बारीवानी झालं तर? मला लय भ्या वाटतं ओ."

"तसं व्हायचं न्हाई."

"तुमाला काय ठावं?"

सून उलटून बोलली म्हणून सरुबाई एरवी कडाडली असती. आज ती तिच्याशेजारी पायरीवर टेकली.

"हिरे, ती वस्तू ह्या घराला लाभत न्हाई. एकदा आली आन माझं लेकरू घिऊन गेली. तू माझ्यावर राग धर, नवऱ्याला सांग, काय बी कर. पर ती तुझ्या तोंडात मी जाऊ द्यायची न्हाई."

हिरानं ओच्यातली उरलेली करवंदं तिच्यापुढं केली. सरुबाईनं मान हलवली. तिला आंबट चालत नसे. चालत नसे म्हणजे, अठरा वर्षं तिनं ते तोंडात घातलं नव्हतं.

बुधवारी दोघी लोणावळ्याला गेल्या. एसटीत सरुबाईनं सगळ्या देवांना एकेक नारळ बोलून टाकला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिला एका जागी बसवेना. हिराचं काही वाईट निघालं, तर ते आपल्याच हातानं झालं, हे तिला आता राहून राहून वाटत होतं. मोसंबीची भीती खरी की डॉक्टरीणबाईंची, याचा तिला उमजच पडेना.

डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली. नखं बघितली. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, आत गेल्या, बाहेर आल्या. त्या हसत होत्या.

"छान! चांगलं वाढलंय की रक्त. सगळ्यांनी असं ऐकलं तर काय हवं? फळं मनापासून खाल्लेली दिसतात."

हिरानं सासूकडं बघितलं. होय म्हणून टाकायचं आणि सुटायचं, एवढंच काम होतं. पण कौतुक असं फुकटचं पदरात पडलेलं सरुबाईला सोसवेना.

"खोटं कशाला बोलू, बाई," ती म्हणाली. "एक बी फळ तिला दिलं न्हाई मी. लेकानं आणलेल्या मोसंब्या म्हशीला घातल्या."

"म्हशीला?"

"व्हय. काय बोलायचं ते मला बोला. पोरीचा दोष न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग हिराकडं वळल्या. "मग तू खाल्लंस तरी काय?"

"भाजी-भाकरी. गोळ्या. आन करवंदं," हिरा पुटपुटली. "करवंदं लय खाल्ली. पाटीच्या पाटी."

"अगं मग ती फळंच की!" डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. "त्या मोसंबीपेक्षा काही कमी नाहीत."

सरुबाईलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं. "करवंद आन फळ? काय तरीच बाई तुमचं. त्यो रानमेवा. ढोरं राखणारी पोरं खात्यात."

"झाडाला लागतं ना? मग ते फळच. करवंद, जांभूळ, तोरणं, सगळी फळं. तुमच्या डोंगरावर एवढं पिकतं आणि तुम्ही पुण्याची वाट बघता. कमाल आहे तुम्हा लोकांची."

त्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. हिरा पदर सावरून उठली. सरुबाई मात्र स्टुलावरच बसून राहिली. तिच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त ते काढून ठेवायचं राहून गेल्यासारखं दिसत होतं.

"बाई," तिनं विचारलं. "आन आवळा?"

"आवळा?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. "आवळ्यासारखं तर फळ नाही. लांबलेल्या आजारानं अंग झिजतं, हिरड्यांतून रक्त येतं, अशा माणसाला एक आवळा रोज दिला तरी ते उभं राहतं. का हो? आहे का झाड?"

"हाय," सरुबाई म्हणाली. "बांधावर हाय."

परतीच्या एसटीत हिरा आनंदानं बोलत होती. हिवाळ्यापर्यंत बाळ बसायला लागेल, ह्यांना आजच सांगावा धाडू, बायाला एक लुगडं देऊ. सरुबाई खिडकीबाहेर बघत होती. फाट्यावर उतरल्यावर तिनं नेहमीची पायवाट सोडली आणि ओढ्याकडून लांबच्या वाटेनं घर गाठलं. हिरानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "बांधावरून नगं. ऊन हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आली. हिरानं रक्त वाढल्याची बातमी तिला दारातच सांगितली. बाया तोंडाला पदर लावून हसली. सरुबाई तांदूळ घेऊन बाहेर आली आणि न मोजता सूपच्या सूप पाटीत ओतलं.

"मावशी, बांधावरची आवळी औंदा लय फुललीया," पाटी उचलता उचलता बाया म्हणाली. "थंडीत येते न्यायला. दरसालाप्रमाणं."

दरसाल हे ठरलेलंच होतं. आवळे धरले की सरुबाई निरोप धाडायची, 'सगळे ने, खाली पडल्याले बी ने.' त्या झाडाचा एक आवळा कधी तिच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"औंदा न्हाई," सरुबाई म्हणाली.

"का वं? तुमी तर हात लावत न्हाई."

"घरात पायजेत."

"सूनबाईला व्हय?"

"मुक्तीला."

बाया दहा वर्षं या दाराशी येत होती. या घरात मुक्ती नावाचं माणूस तिनं कधी बघितलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. तिनं हिराकडं बघितलं. हिराचा करवंदांनी भरलेला हात ओच्यावरच थांबला होता.

"कोण मुक्ती ओ, मावशी?"

सरुबाईनं रिकामं सूप उलटं करून झटकलं. त्यात काही उरलेलं नव्हतं, तरी ती झटकत राहिली.

"माझी लेक," ती म्हणाली. "आवळा मागत व्हती. मी दिला न्हाई."