डोहापलीकडची वाडी

नाव ओढून नेली त्या दिवशीही बन्सीधर पोहायला गेलाच.

बोरगव्हाणच्या घाटावर भुजंग नावाडी रिकाम्या खुंट्याशी बसला होता. पहाटे संस्थानचे खाकी कपड्यांतले चार स्वार आले, हुकूम झालाय म्हणाले आणि नाव घेऊन गेले. खाली कोसभरावर पायी नदी ओलांडायचा उतार होता, तिथंही पहारा बसला होता.

"आता ह्या काठचं माणूस त्या काठाला जायचं न्हाई," भुजंग म्हणाला.

"मी जायलोच की," बन्सीधर हसून बोलला.

भुजंग हसला नाही. "तुमी बी जाऊ नका," एवढंच म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

बन्सीधरचा जन्म मोंबासातला. त्याचा बाप आश्रुबा तरणा असताना दुष्काळात गाव सोडून मुंबईला गेला आणि तिथून जहाजानं आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर. तो परत आलाच नाही. पण रोज संध्याकाळी बोलायचा तो गंगेबद्दल, गावाकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बाप वारल्यावर बन्सीधरनं बंदराच्या कचेरीतून वर्षाची रजा काढली आणि सत्तेचाळीसच्या कार्तिकात तो सोनपेठजवळच्या या गावी आला. वय चौतीस, लग्न झालेलं नाही. इथं राहायचं की परत जायचं, ते बघून ठरवणार होता. थोरला चुलतभाऊ सटवाजी यानं त्याला माळवदावरची खोली झाडून दिली. त्याचं बोलणं ऐकायला म्हातारी माणसं मुद्दाम थांबत, कारण बापाकडून त्यानं उचललेली बोली पन्नास वर्षांपूर्वीची होती. काही शब्द तर गावातही कुणी वापरत नव्हतं.

त्याला इथं काही काम नव्हतं आणि तेच त्याला आवडलं होतं. सकाळी गोजरवहिनीच्या हातचा चहा घ्यायचा, मग घाटावर जाऊन डोह पोहायचा. वाळलेल्या भोपळ्यावर एक पत्र्याचा डबा बांधलेला असे. त्यात सदरा, पंचा, तंबाखू आणि बिस्किटं. भोपळा पुढं ढकलत तो पलीकडं निघे. तिथं वाळूत बायनाबाईची खरबुजाची वाडी होती. ही पन्नाशीतली विधवा बाई काठावरच्याच वस्तीतली, दिवसभर वाडीतल्या खोपीत राखणीला असे. बन्सीधर पाण्यातून वर आला की ती डबा हातातून घ्यायची. "आणा हिकडं, सावलीत ठिवते," म्हणायची. मग तो वाळूवर पडून राही. ती त्याला खरबूज चिरून देई, तो तिला बिस्किटं देई. समुद्राचं पाणी खारट का असतं, हे तिनं त्याला चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा तिला ते पटलं नव्हतं.

"मी हितंच राह्यलो तर?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"ऱ्हावा की. पर ह्या साली नगं," ती म्हणाली होती. का, ते सांगितलं नव्हतं.

नाव गेल्यावर गावच बदललं. सोनपेठच्या बाजारात बन्सीधर दुकानासमोर उभा राहिला की बोलणी थांबत. पाराजवळ बसणारी तरणी पोरं एकेक करून दिसेनाशी झाली. "पोरं कुठं गेली?" असं विचारलं की सटवाजी म्हणे, "पाव्हण्याकडं." सगळ्यांचे पाव्हणे एकदमच कुठून निघाले, हे त्याला कळेना. आणि रोज सकाळी तो पाण्यात उतरला की वरच्या दरडीवर एक घोडेस्वार येऊन उभा राही. काही बोलत नसे. तो परत येईपर्यंत तिथंच असे.

आठव्या दिवशी तो पलीकडून परतला, तर घाटावर अमीनसाहेब होते. तालुक्याच्या पोलिसांचा हा अधिकारी दगडावर रुमाल टाकून बसला होता. मराठी बोले, पण तोलून.

"खूब तैरता तुम्ही. डबा उघडा."

बन्सीधरनं उघडला. ओला पंचा, तंबाखू, दोन बिस्किटं. अमीननं एक बिस्कीट उचलून खाल्लं.

"मुल्की की गैरमुल्की? ह्या राज्यातले की बाहेरचे?"

"माझा बाप ह्याच गावचा."

"बाप होता. तुमचं विचारतोय."

परदेशात त्याला सगळे हिंदी म्हणत. इथं येऊन असा प्रश्न होईल असं वाटलं नव्हतं.

"उद्यापासून येत न्हाई," तो म्हणाला.

"तसं नका करू." अमीननं हात झटकले. "रोज पोहा. याच वेळेला. एक दिवस जरी चुकला, तर मी समजेन की तुम्हाला काही तरी माहीत आहे."

घरी येऊन त्यानं सटवाजीला हे सांगितलं तेव्हा सटवाजी बैलाला पेंड घालत होता. त्याच्या हातातलं घमेलं खाली पडलं. तो धावत माळवदावर गेला, डबा उपडा केला, तळाचा कागद नखानं खरवडून काढला आणि त्याखाली काही नाही हे बघून खाली बसला.

बन्सीधर दारात उभा राहून हे बघत होता.

"काय असतंय तेच्यात?"

सटवाजीनं सगळं सांगितलं. गावातून नाहीशी झालेली पोरं संस्थानाविरुद्ध लढत होती आणि त्यांना आसरा देणाऱ्या वस्त्या स्वार जाळत होते. स्वार कोणत्या वस्तीवर कधी जाणार, ही बातमी ठाण्यातल्या एका माणसाकडून त्याला कळायची. तो चिठ्ठी लिहून डब्याच्या तळाशी घालायचा. पलीकडं बायनाबाई ती काढून घ्यायची आणि तिचा भाऊ चंद्रभान ती पुढं पोचवायचा. स्वार जाईपर्यंत वस्ती रिकामी झालेली असे. तीन वस्त्या अशा वाचल्या होत्या.

"म्हंजे मी रोज गळफास घेऊन पोहायलो होतो," बन्सीधर म्हणाला. "आन् मला ठावं न्हाई."

"परदेशी माणसावर कोण शक घेणार, असं वाटलं."

"मला इचारायचं तरी, दादा."

गोजरवहिनी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "इचारलं असतं तर हो म्हणला असता का, भाऊजी?"

पलीकडं वाळूवर पडून राहण्याच्या त्या सगळ्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. बायनाबाई डबा घ्यायला किती लगबगीनं यायची, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. ती माया होती की काम, हे त्याला ठरवता येईना, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी स्वतःच चहा घेऊन वर आला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "आज सांजच्याला बायनाबाईचीच वस्ती हाय. चाळीस घरं. चिठ्ठी देता येत न्हाई, डबा बघतील. तू नुसता पोहून ये. मी काही म्हणत न्हाई."

बन्सीधर घाटावर गेला. दरडीवर आज दोन स्वार होते. पाणी थंड होतं, त्याच्या पायात गोळे येत होते. मध्यावर पोचल्यावर त्याला पलीकडची खोप दिसली. खोपीबाहेर तीन घोडे बांधले होते.

खोपीच्या सावलीत तीन खाकीवाले खरबूज खात बसले होते. बायनाबाई विळीवर फोडी करत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, पण डबा घ्यायला उठली नाही. एका स्वारानं तो घेतला, पंचा झटकला, कागद उचकटला, सदऱ्याची शिवण दातानं उसवली. काही सापडलं नाही. "बसा," तो म्हणाला. बन्सीधर वाळूवर बसला. त्याच्या हातात फोड दिली गेली. बायनाबाई मान खाली घालून चिरत होती. चिरताना मध्येच थांबत होती.

"बाई," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "वाडी आज सांजच्या आत काढून घ्या. वरून पाणी यायलंय म्हणं. सांजला पूर येनार हाय गंगेला."

तिघंही खो खो हसले. "फाल्गुनात पूर! आफ्रिकेत येत असेल."

बायनाबाईही हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. "काय तरी तुमचं, पाव्हणं! फाल्गुनात कधी पूर येतो व्हय?" असं म्हणून तिनं आणखी एक खरबूज चिरायला घेतलं.

तो परत पाण्यात उतरला तेव्हा ती तिथंच बसून चिरत होती. तिला कळलं की नाही, याचा त्याला काहीच अंदाज आला नाही. दुपारभर तो माळवदावरून पलीकडं बघत राहिला. दिवस कलला तसा धूर दिसला. आधी बारीक, मग काळा, मग सगळ्या काठावर. गोजरवहिनीनं चूल पेटवली नाही.

हुकूम होता म्हणून दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पोहून गेला. खोप जळाली होती. वेल टापांखाली चिरडलेले, फुटलेल्या खरबुजांवर माशा. बायनाबाई नव्हती. त्यानं दोन हाका मारल्या आणि मग हाक मारायचीही भीती वाटली.

परतला तेव्हा घाटावर अमीनसाहेब त्याच दगडावर बसले होते.

"पूर आला म्हणे," ते म्हणाले.

बन्सीधरला ओल्या अंगानंच बैलगाडीत घातलं. सटवाजी त्याच रात्री गाव सोडून गेला. बन्सीधर सहा महिने कोठडीत होता. त्याला फार विचारलं गेलं आणि त्यानं एकच उत्तर दिलं, की त्याला इथल्या ऋतूंची माहिती नाही. भाद्रपदात संस्थान पडलं, राज्य बदललं, कोठडीची दारं उघडली. तो बाहेर आला तेव्हा त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

थेट गावी न जाता तो आधी पलीकडच्या वस्तीवर गेला. घरांवर नवे पत्रे पडत होते, पोरं खेळत होती. चंद्रभाननं त्याला ओळखलं. बायनाबाईचा हा धाकटा भाऊ, चेहरा तिच्यासारखाच लांबट.

त्या दिवशी स्वार दुपारी झोपले तेव्हा बायनाबाई पाण्याला म्हणून घागर घेऊन वस्तीकडं आली, असं त्यानं सांगितलं. भावाला म्हणाली, सांजच्या आत निघा. चाळीस घरं निघाली, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन. ती मात्र घागर भरून परत गेली. वाडीत कोणी दिसलं नाही तर स्वारांना लगेच शक येईल आणि ते घोडे सोडतील, म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती त्यांना खरबुजं चिरून देत बसली.

"मग?"

"मंग वस्ती रिकामी सापडली. ते तिच्याकडं परत आले. ती काय वाचली न्हाई."

मग चंद्रभान म्हणाला, "एक इचारू? तिला तुमी सांगितलं तवा ती काय म्हणली?"

"हसली. लय हसली. मला वाटलं कळलंच न्हाई."

चंद्रभाननं डोळे पुसले. "नवरा गेल्यापून मी तिला हसताना बघितलं न्हाई," तो म्हणाला.

आतून त्याच्या बायकोनं पानं वाढल्याचं सांगितलं. बन्सीधर जायला उठत होता, पण चंद्रभाननं त्याचा उजवा हात धरला आणि त्याला आत नेऊन आपल्या शेजारी जेवायला बसवलं.