साक्षीत न बोललेलं वाक्य

कीर्तनात मागं उभं राहून झांज धरणाऱ्याला स्वतःचं असं काही बोलायचं नसतं. पुढं उभे असलेले बुवा सांगतात, गातात. त्यांचा दम संपत आला की ओळ आपण अलगद उचलायची, त्यांना श्वास घेऊ द्यायचा आणि ओळ पुन्हा त्यांच्या हाती द्यायची. बेंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या लहानशा राममंदिरात मी एकतीस वर्षं हे करतोय. नोकरीही तशीच झाली. एका बँकेच्या राजभाषा विभागात एकाचं लिहिलेलं दुसऱ्या भाषेत न्यायचं, मध्ये आपलं काही घालायचं नाही. त्यामुळं निवृत्तीनंतर दुभाष्याच्या एका दिवसाच्या कामाचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, रामानं सवयीचंच काम पाठवलंय.

पत्र संसदेच्या एका समितीकडून आलं होतं. कंत्राटी कामगारांच्या पेन्शनबद्दलचं सरकारी धोरण समिती तपासत होती. दिल्लीत खात्याचे अधिकारी सांगतात ते बाहेर कितपत खरं उतरतं, हे बघायला सात खासदार एक दिवस बेंगळुरात येणार होते. साक्षीला बोलावलेल्यांपैकी एकीनं ‘मी घरच्या मराठीतच बोलणार’ असं लिहून दिलं होतं. नाव वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. ती आमची कावेरीअक्का होती.

कावेरीअक्का म्हणजे येलहंकाकडच्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात बावीस वर्षं फरशा पुसलेली बाई. त्यातली शेवटची बारा वर्षं ती सफाईच्या बायकांची मुकादम होती. दर शनिवारी दोन बस बदलून कीर्तनाला येते, डावीकडच्या खांबाला पाठ लावून बसते, आरती झाल्याशिवाय उठत नाही. आमच्यासारखंच तिचंही घराणं कधीकाळी महाराष्ट्रातून इकडं आलेलं. किती पिढ्या झाल्या ते आता कुणी मोजत नाही.

पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. अक्काची कागदावर एकही नोकरी तीन वर्षांपुढं गेलेली नाही. इस्पितळ तेच, जिने तेच, बादलीसुद्धा तीच. बदलायचा तो कंत्राटदार. तो बदलला की भविष्य निर्वाह निधीचं जुनं खातं बंद करायचं आणि ‘मी स्वेच्छेनं नोकरी सोडत आहे, माझं साठलेलं मला द्यावं’ अशा कागदावर सही करायची. सही झाली की साठलेलं थोडंफार हातात येई आणि मागची वर्षं पुसली जात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच दारातून त्याच बायका आत जात.

साक्षीच्या आदल्या शनिवारी कीर्तन संपलं. मी सतरंजीची घडी घालत होतो. अक्का दुसरं टोक धरून उभी राहिली.

“अण्णा, तुला एक सांगू?”

“सांग की.”

“बायकांचे अंगठे मीच घेत होते. त्यांना वाचता येत नाही. मला येतं. त्यांना सांगायची, नवीन ओळखपत्राचा कागद आहे, उमटव अंगठा.” सतरंजीची घडी तिनं हातानं दाबली. “कंत्राटदाराचा माणूस म्हणायचा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले नाहीत तर नव्या यादीत तुझंच नाव नसेल. पोरगी तेव्हा शिकत होती.”

मी सतरंजी भिंतीशी नेऊन ठेवली.

“देवाला सांगून झालंय,” ती म्हणाली. “रोज सांगते. माणसांपुढं जीभ उचलत नाही. त्यातल्या सहा जणी त्या दिवशी माझ्याबरोबर येणार आहेत, मागं बसायला. मला धीर यावा म्हणून.”

“तुला कुणी विचारणार नाही ते, अक्का,” मी म्हटलं. आता वाटतं, ते मी माझ्याच सोयीसाठी म्हटलं होतं. माझी पेन्शन महिन्याच्या शेवटच्या दिवशी न मागता येते. अशा माणसाला दुसऱ्याला गप्प राहायला सांगणं फार सोपं जातं.

मंगळवारी सकाळी अकराला सरकारी अतिथिगृहाच्या वरच्या मजल्यावर बैठक सुरू झाली. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. खिडक्यांबाहेरची झाडं नखशिखांत गुलाबी झाली होती, पान एक नाही, नुसती फुलं. त्यांचा रंग पांढऱ्या भिंतीवर उतरला होता, खासदारांच्या कागदांवर, पाण्याच्या पेल्यांवरही. मधोमध अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. दोन्ही अंगाला सभासद. समोर एकटी खुर्ची, तिच्यावर अक्का, निळ्या काठाचं ठेवणीतलं पातळ नेसून. तिच्या मागं भिंतीला लागून सहा बायका. मी अक्काच्या खांद्यामागं, जरा डावीकडं. बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की माझी जागा देवळातल्यासारखीच पडली आहे, आणि कुठंतरी आत बरं वाटलं.

तिनं बोलायला सुरुवात केली. बावीस वर्षं, चार मजले, कंत्राटदार नऊ. मी हिंदीत नेत होतो. विदर्भातले एक खासदार हेडफोन बाजूला ठेवून थेट ऐकत होते. ते हसून म्हणाले, “हे कोणतं मराठी व्हय, भाऊ? मले अर्धंच समजून राह्यलं.”

“साडेतीनशे वर्षं इथलं पाणी प्यायलेलं आहे, साहेब.”

“तरीच पातळ झालं.”

“पातळ नाही हो,” अक्का म्हणाली. “स्वल्प मऊ झालंय.”

अध्यक्षबाईंना त्याचं भाषांतर हवं होतं. दिलं. सगळे हसले, मागच्या बायका काही न कळताच हसल्या.

मग खात्याचे अधिकारी श्रीवत्स उठले. माणूस वाईट नव्हता, नीटनेटका, थकलेला. त्यांचं म्हणणं असं, की खाती बंद करायला कुणी सांगत नाही, कामगार आपणहून करतात. “दोष धोरणात नाही, मॅडम, सवयीत आहे. या बाईंची सही बघा. आणि हे त्यांच्याबरोबरच्या बायकांचे अर्ज. सगळे स्वेच्छेचे.”

अध्यक्षबाईंनी कागद हातात घेतले. एकेक उलटत गेल्या. घाई नव्हती. बाहेर वाऱ्याची झुळूक आली आणि खिडकीच्या गजांतून चार फुलं आत टेबलावर येऊन पडली. कुणी ती उचलली नाहीत.

“सत्तावीस अर्ज,” त्या म्हणाल्या. “तारीख एक. मजकूर एक. कावेरीजी, सत्तावीस बायकांना एकाच दिवशी नोकरी सोडावीशी कशी वाटली?”

मी प्रश्न मराठीत नेला. अक्का हातातला रुमाल चुरगाळत होती, ती थांबली.

ती बोलेना.

वर पंखा फिरत होता. गुलाबी उजेड भिंतीवर हलत होता, पाण्यात हलावा तसा. मला समोरची माणसं दिसत होती आणि दिसतही नव्हती. अध्यक्षबाईंच्या मागं समई असावी असं वाटत होतं. पुढ्यात एक पाठ, ओळखीची, दमलेली, श्वास भरू न शकणारी. ओळ हवेत अर्धी लटकलेली. एकतीस वर्षं अशा वेळी जे केलं तेच माझ्याकडून झालं. मला त्यात ठरवलेलं काहीच आठवत नाही. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला, शांत हिंदीत:

“ते अंगठे मी घेतले. त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं, ओळखपत्राचा कागद आहे.”

दुभाषी नेहमी ‘मी’च म्हणतो. साक्षीदाराचा ‘मी’ आपल्या तोंडात घ्यायचा, हीच रीत. लघुलेखिका भराभर लिहीत होती. सगळ्यांना वाटलं, अक्का हळू काहीतरी पुटपुटली असेल.

विदर्भाचे खासदार मात्र पुढं वाकले होते. “एक मिनिट,” ते म्हणाले. “बाई तं काहीच बोलल्या नाहीत.”

लेखणी थांबली. मी जागा झालो. उठून म्हटलं, “खरं आहे. हे साक्षीदारानं सांगितलेलं नाही. मी बोललो. माझी चूक आहे.”

श्रीवत्स लगेच उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण धार आली होती. “मॅडम, म्हणजे साक्ष पढवलेली आहे. दुभाषी आणि साक्षीदार आधीच भेटलेत. ही सगळी साक्ष बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे.”

बावीस वर्षं, नऊ कंत्राटदार, चार मजले. माझ्या एका वाक्यानं ते सगळं पुन्हा पुसलं जाणार होतं. मी मनात रामाचं नाव घेतलं, आणि तेही मध्येच तुटलं.

अध्यक्षबाई माझ्याकडं बघत होत्या. “तुम्ही काय बोललात ते आधी यांना त्यांच्या भाषेत सांगा. यांच्या नावानं काय नोंदलं गेलं ते यांना कळलं पाहिजे.”

आयुष्यात पहिल्यांदा मी माझंच भाषांतर केलं. अक्काकडं वळून, मराठीत, तीन वाक्यं. फार जड गेली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “अण्णा, ते माझं होतं.”

“हो, अक्का.”

“मग तू का बोललास? तुला कुणी सांगितलं होतं? दहा वर्षं पोटात ठेवलेलं मी, आणि तू उचललंस आणि सांगून मोकळा. मोठा आला माझ्या जागी बोलणारा.”



“काय म्हणतायत त्या?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “भाषांतर करा.”

केलं. शब्द न गाळता, ‘मोठा आला’ सकट. सभासदांपैकी कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“दुभाष्यांचं वाक्य काढून टाका,” त्या लघुलेखिकेला म्हणाल्या. “प्रश्न तसाच राहू दे. कावेरीजी, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण द्यायचं असेल तर ते तुमचंच असलं पाहिजे. उत्तर नाही आलं, तर मला श्रीवत्सांच्या विनंतीचा विचार करावा लागेल.”

मी हे मराठीत सांगितलं आणि तोंड मिटलं.

अक्का उठली. तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि जड खुर्ची ओढत वळवायला लागली.

“समितीकडं तोंड करून बोला,” कुणी अधिकारी म्हणाला.

“समितीला मी दिसतेच की,” ती म्हणाली. “यांना दिसत नाही.”

खुर्ची सहा बायकांकडं वळली. आता आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि अंबाड्यात खोचलेलं एक फूल. ती मराठी सोडून कानडीत बोलली, त्यांना कळावं म्हणून.

“अण्णानं सांगितलं ते अर्धंच आहे. ओळखपत्राचं मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा गणवेशाचं सांगितलं. तिसऱ्यांदा काही सांगितलंच नाही, कारण तोवर तुम्ही विचारायचं सोडलं होतं. माझ्यावर भरवसा बसला होता तुमचा. त्या कागदावर लिहिलं होतं की आम्ही आपणहून सोडतोय. मी वाचलं होतं. प्रत्येक वेळी वाचलं. कुणीच आपणहून सोडलं नाही. मीही नाही. माझी पेन्शन गेली ती माझ्या सहीनं गेली. तुमची माझ्या हातानं गेली.”

मी हिंदीत नेत होतो. तिचा एकेक शब्द थांबून, खाली ठेवून, मग पुढचा. ती मध्ये दोनदा थांबली. मीही थांबलो. कितीही वेळ लागो, म्हटलं, आज ओळ आपण उचलायची नाही.

ती बोलून झाल्यावर श्रीवत्स टेबलापाशी गेले. अध्यक्षबाईंपुढचे सत्तावीस कागद त्यांनी सरळ केले आणि म्हणाले, “माझी विनंती मी मागं घेतो.”

अध्यक्षबाईंनी अक्काला खुर्ची वळवायला लावली नाही. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “हे नोंदलं गेलं आहे. पण एका साक्षीवर धोरण हलत नाही, खातं म्हणेल ही एकाच ठिकाणची गोष्ट. या सत्तावीस जणींचं निवेदन हवं. प्रत्येकीचं वेगळं, तिच्या शब्दांत. पंधरा दिवस देते. पुढं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. आम्ही शिफारस करतो, सरकार उत्तर देतं.”

खाली चहा होता. सहा बायका झाडाखाली एकत्र उभ्या होत्या, अक्का लांब, पायरीपाशी, हातात न प्यालेला चहा. सगळ्यांच्या डोक्यावर फुलं पडत होती. समितीचे सचिव मला बाजूला घेऊन फार सभ्यपणे म्हणाले की यापुढं मला बोलावलं जाणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

सहांतली एक, तरुण, कुणाकडं न बघता रिक्षा थांबवून निघून गेली. दुसरी तिच्यामागून. अक्का बघत राहिली. मग साकम्मा आली. सगळ्यांत वयस्कर, कानात मोठ्या कुड्या. अक्काच्या हातातला गार चहा तिनं कुंडीत ओतला.

“मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं,” ती कानडीत म्हणाली. “गणवेशाला कुणी अंगठा घेतं होय गं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू मुकादम. मला रात्रपाळी नको होती.” साकम्मानं पदर खोचला. “आणि तू कधी सांगतेस ते बघत होते. फार लावलास वेळ, अक्का.”

अक्काच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, मी मुद्दाम दुसरीकडं बघत होतो.

“चल,” साकम्मा म्हणाली. “सत्तावीस घरं आहेत. निम्म्या तर बोलणारच नाहीत तुझ्याशी.”

“माहीत आहे.”

“शिव्याही देतील.”

“सरी, बरं, देऊ दे.” मग माझ्याकडं वळून, “अण्णा, तू येशील? निवेदनं लिहून घ्यायला कुणीतरी पाहिजे. लिहायला फक्त.”

“फक्त लिहायला,” मी म्हटलं.

बसनं येलहंकाला पोचेपर्यंत तीन वाजले होते. पहिलं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं, निळं दार, उंबऱ्यावर अर्धी पुसलेली रांगोळी. मघाशी रिक्षानं निघून गेलेल्या त्या तरुण मुलीचंच. साकम्मा म्हणाली, “सोप्यापासून सुरू करू या की, हिला शेवटी ठेवू.” अक्कानं मान हलवली आणि कडी वाजवली.

बराच वेळ कुणी आलं नाही. आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मग दार उघडलं, अर्धंच. मुलीनं अक्काकडं पाहिलं, पण दार लावलं नाही.

“आत येऊ का?” अक्का म्हणाली. “बसून सांगते. स्वल्प वेळ लागेल.”