बॅगेची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय, आणि रागावून बोलतेय. वाटलं होतं, दमल्याभागल्या माणसांना टेकायला देईन. वाट्याला काय आलं? बॅगा!

माझं लाकूड इथलंच. घडण मात्र सातासमुद्रापलीकडच्या सुतारशाळेत झाली. तिथले म्हातारे गुरुजी पोरांना रंधा धरायला शिकवताना म्हणायचे, "खुर्ची माणूस बघत नाही, दमणूक बघते." ते शब्द माझ्या रेषारेषांत मुरले. मायदेशी परत धाडलं, तेही विमानतळावरच्या या झकपक हॉटेलात, तेव्हा मी हरखून गेले. कुणी लेकीकडे निघालेलं, कुणी नोकरीवर. विमानाआधी दोन घास खाणाऱ्या या माणसांना मी विसावा देणार होते!

ती येतात. सूप येईपर्यंत चारदा घड्याळ बघतात. स्वतः समोर बसतात आणि माझ्यावर बॅग बसवतात.

तेही सोसलं असतं. पण दारावर एक ताई उभी असते. "या, बसा ना," असं दिवसभर म्हणणं हेच तिचं काम. तिला मात्र बसायची मनाई. सातवा महिना लागलाय, सुजलेले पाय बुटांत मावत नाहीत.

काल भरदुपारी तिला घेरी आली. कशीबशी माझ्यापर्यंत पोचली, तर माझ्यावर एका बाईंची बॅग.

"मॅडम, दोनच मिनिटं..."

"खाली कशी ठेवू? फरशी घाण असते."

फरशी पुसणाऱ्या मावशी शेजारीच होत्या. "आत्ता पुसलीय हो! ताटाशिवाय जेवाल, इतकी लख्ख!"

बाईंनी तोंड वाकडं करून बॅग मांडीवर घेतली. ताई टेकली. तिचा सुस्कारा माझ्या चारही पायांत उतरला. गुरुजी म्हणायचे ती दमणूक पहिल्यांदा माझ्यावर बसली होती!

तेवढ्यात मॅनेजर आले. "ऊठ आधी! गिऱ्हाईक बघतंय. बसायचा पगार मिळतो का?"

"अहो साहेब, बॅगेला खुर्ची अन् पोटुशीला नाही?" मावशी कडाडल्या.

"मावशी, तुम्ही फडकं मारा."

ताई माझी पाठ धरून उठली. बाईंनी माझी बैठक रुमालाने झटकली आणि बॅग पुन्हा ठेवली. मला आग लागावी असं वाटलं. लाकडाने असं म्हणू नये, पण म्हणते!

आता इथली एक रीत सांगते. डुगडुगणारी खुर्ची गिऱ्हाइकाला चालत नाही. मॅनेजर तिला मागे, भांडी घासायच्या खोलीत ढकलतात. तिथे मावशी तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात आणि पाळीपाळीने सगळ्याजणी टेकतात. त्या खोलीत मॅनेजरचं पाऊल पडत नाही. पण तिथली एकुलती एक खुर्ची गेल्या आठवड्यात पार मोडली. जेवणाच्या सुट्टीत ताई हल्ली उलट्या बादलीवर बसते.

आज सकाळी दार उघडलं. तीच ताई, एक हात कमरेवर, ओठांवर तेच "या, बसा ना." आणि माझं ठरलं.

गुरुजी, माफ करा. तुमच्या शाळेत घट्ट ठोकलेला माझा मागचा पाय मी सैल सोडतेय. या चकचकाटातून मी चालले, आणि जाताना मागे वळून बघणार नाही.

पहिलं गिऱ्हाईक येतंय. हातात भलीमोठी बॅग आहे.

ठेवा, बाईसाहेब. ठेवाच.