उसनं बोट

सासूचं एक बोट दोन मिनिटांसाठी मिळालं असतं, तर सूनबाईचे तीन फायदे होते. रोज मांडीत इंजेक्शन टोचून घेणं टळलं असतं. दवाखान्यातल्या सिस्टरची बोलणी वाचली असती. आणि सकाळी बाथरूमची कडी लावून खाल्लेली चार क्रीमची बिस्किटं कुणाला न कळता पचली असती. हा तिसरा फायदा ती स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलत नव्हती. सासूचा फायदा शून्य. पण सासूकडे काही मागताना तिचा फायदा बघायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

"अहो आई, एकदाच. मुंगी चावल्यासारखं होतं फक्त."

"मुंगी असो नाहीतर विंचू, टोच लवकर. मला दोनच्या पाळीला जायचंय."

सुनेला सातवा महिना होता आणि पोटातल्या बाळाबरोबर साखरही वाढली होती. सिस्टरनं तिला एक छोटं यंत्र आणि एक तक्ता दिला होता. खाल्ल्यावर दोन तासांनी बोट टोचायचं आणि आकडा लिहायचा. एकशे वीसच्या आत असेल तर ठीक. या आठवड्यात दोन आकडे वर गेले होते. तिसरा गेला की इंजेक्शन सुरू, असं सिस्टरनं बजावलं होतं, आणि तक्ता उद्याच दाखवायचा होता.

बोट निवडताना सुनेनं डोकं चालवलं होतं. नवऱ्याचं बोट तिनं विचारातच घेतलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टनंच जायचा, आणि दारातून त्याच्याआधी त्याचं पोट आत यायचं. सासू मात्र काडीसारखी. आठ तास उभ्यानं काम, आजारपणाची रजा कधी नाही. असलं खणखणीत रक्त घरात असताना बाहेर कुठे शोधायचं?

बेकरीत सासूला काटेमावशी म्हणत. अठ्ठावीस वर्षं ती वजनकाट्याजवळ उभी होती. मूठभर बिस्किटं उचलली की किती ग्रॅम ते तिच्या हाताला आधी कळायचं, काटा नंतर हो म्हणायचा. बेकरीची एक रीत होती. शनिवारी प्रत्येकीला तुटक्या मालाची एक पिशवी घरी न्यायला मिळे. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी काटेमावशीनं ठरवून टाकलं, की भात, भाजी, अंडं असेल ते आधी बाकीच्यांच्या ताटात जाईल आणि आपलं चहाबरोबर ओंजळभर तुकड्यांवर भागेल. जेवायला बस म्हटलं की ती म्हणे, "माझं झालं मघाशीच." काय झालं, हे अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

यंत्रानं पाचापासून उलटे आकडे मोजले आणि तीनशे अठरा दाखवलं.

"बिघडलं मेलं," सून म्हणाली.

"माझा हातच साखरेचा असेल. नखात बसते ती." सासूनं उठून साबणानं दोन्ही हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं.

तीनशे चोवीस.

मग सुनेनं स्वतःचं बोट टोचलं. एकशे एकेचाळीस. क्रीमच्या चार बिस्किटांचा अगदी चोख आकडा. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

"कुणाला सांगायचं नाही," सासू म्हणाली.

"अहो पण आई, तीनशे म्हणजे..."

"घरात एका वेळी एकच पेशंट. तो मान तुझा. तू मोकळी हो, मग मी बघते माझं."

"आणि तो मोजा?"

डाव्या पायाचा मोजा. तीन आठवडे तो दोरीवर वाळत होता आणि किती धुतला तरी टोकाचा तांबूस डाग जात नव्हता.

"बूट चावलाय. दुखतसुद्धा नाही."

"दुखत नाही ना? मग बरंय."

"बरंच आहे की." सासूनं पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून म्हणाली, "आणि बाथरूममध्ये खायचं असेल तर नळ सोडून खात जा. कुरकुर बाहेर ऐकू येते."

सून लाल झाली.

"मी बिस्किटांचं बोलणार नाही. तू मोज्याचं बोलू नकोस," सासू म्हणाली आणि जिना उतरली. व्यवहार ठरला. सुनेनं तक्त्यात सुवाच्य अक्षरात एकशे अठरा लिहिलं.

यंत्राला आठवण असते, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या टेबलापाशी कळलं. चिरंजीव कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवायला गेले होते, म्हणून सोबत सासू आली होती. सिस्टरनं यंत्राचं एक बटण तीनदा दाबलं, चष्मा वर केला आणि तक्ता बाजूला सारला.

"इथे लिहिलंय एकशे अठरा. यंत्र म्हणतंय तीनशे अठरा, मग तीनशे चोवीस, मग एकशे एकेचाळीस. तेही नऊ मिनिटांत. बाई, एवढ्या लवकर साखर उतरवायची युक्ती असेल तर मलाही शिकव. मी पंधरा वर्षं प्रयत्न करतेय."

"यंत्र बिघडलं असेल," सून पुटपुटली.

"असेल. नसेलही. मी धोका घेणार नाही. आजच भरती व्हायचं." तिनं कागद ओढला आणि तीनशे चोवीस हा आकडा ठळक लिहिला. "डॉक्टर हा बघतील आणि इंजेक्शनचा डोस ठरवतील."

सुनेची बोटं पदराच्या टोकात गुंतली.

"आणि आकडाच खोटा असला तर?" सासूनं विचारलं.

"मग डोस जास्तीचा होईल. साखर एकदम खाली जाईल. आई बेशुद्ध पडेल आणि आतलं बाळ..." सिस्टरनं वाक्य तिथंच सोडलं. टेबलासमोर खोटे आकडे घेऊन बसलेल्या बऱ्याच जणी तिनं बघितल्या होत्या. कागद मात्र हातातच ठेवला, पुढे पाठवला नाही.

कुठलंही वजन कळायला काटेमावशीच्या हाताला एक क्षण पुरायचा. इथं चार-पाच लागले. सून जमिनीकडे बघत होती.

"ते माझं रक्त आहे," सासू म्हणाली. "दोन्ही वेळचं. हिला विचारू नका, मीच म्हटलं होतं, माझं घे म्हणून."

यातलं शेवटचं धादांत खोटं होतं, पण बिस्किटांचं ती बोलली नाही. ठरल्याप्रमाणे वागली.

सिस्टरनं कागद फाडला. दोघींची पुन्हा तपासणी केली. सुनेचा आकडा एकशे सव्वीस आला; भरती टळली, आणि इंजेक्शनआधी जेवण मोजून पाहायला दोन आठवड्यांची शेवटची मुदत मिळाली. सासूचा आला तेव्हा सिस्टरच्या बोलण्यातली चेष्टा गेली.

"मावशी, मुलं किती?"

"एकच. पण काय मुलगा होता म्हणून सांगू! पावणेपाच किलो. अख्खा वॉर्ड बघायला आला होता. डॉक्टर म्हणाले, बाई, हा तर जन्मताच शाळेत घालण्याएवढा झालाय." आयुष्यात मिळालेली ती एकच वाहवा, मावशीनं ती जपून ठेवली होती.

"तेव्हा तुमची साखर कुणी तपासली होती?"

"माझी कशाला? मी धडधाकट होते."

"बाळ एवढं मोठं असलं, की बऱ्याचदा आईची साखर वाढलेली असते. बाळंतपणानंतर उतरते आणि सगळे विसरतात. पुढं वर्षानुवर्षं नुसता चहा आणि गोड खाल्लं की ती कायमची मुक्कामाला येते. बारीक माणसाकडेसुद्धा." मग ती सुनेकडे वळली. "तू ऐकतेस ना? हे तुलाही आहे. बाळ झालं की सुटलीस असं समजू नकोस. दर वर्षी तपासायचं."

पावणेपाच किलोंची ती वाहवा काटेमावशीनं मनातल्या मनात परत काट्यावर ठेवली. काटा दुसऱ्याच बाजूला झुकला.

"आता बूट काढा. पाय बघू."

"पाय धड आहेत."

"अशा साखरेत पायाला जखम झाली तरी कळत नाही. दुखत नाही, हीच तर भीती. घरात कुणी पाहिलेत यांचे पाय?"

सुनेनं वर बघितलं. सासूची नजर तिच्यावर होती. नजरेत विनवणी नव्हती, दरडावणी नव्हती. काल दारात होती तशीच ती होती.

"पाहिलेत," सून म्हणाली. "ठीक आहेत." सिस्टरनं तेवढ्यावर भागवलं, मावशीला गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे धाडलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पुढचे आठ आठवडे त्या स्वयंपाकघरात काटेमावशीचा हात काटा झाला. सुनेच्या ताटात भात किती, डाळ किती, अंडं कधी, फळ केव्हा, सगळं मुठीनं तोलून. जेवण झालं की दहा मिनिटं गच्चीवर फेऱ्या. सून कुरकुरली, रडली, एकदा ताट सरकवून उठली आणि अर्ध्या तासानं परत येऊन बसली. आकडे मात्र एकशे वीसच्या खाली आले आणि तिथंच राहिले. शनिवारी बेकरीत काटेमावशीनं तुटक्या मालाची पिशवी घेतली नाही, तेव्हा अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मॅनेजरनं तिला तब्येत विचारली. घरी चिरंजीव म्हणाले, "चहाबरोबर काहीच नाही? हे घर आहे की तुरुंग?"

सासू आता गोळ्या घ्यायची. सुनेच्या जोडीला बसून जेवायचीसुद्धा. म्हणजे सून तिला बसवायची. मोज्याचं कुणी काढलं नाही. दोरीवरून तो मोजा दिसेनासा झाला होता. सुनेला वाटलं, जखम भरली. निदान तसं वाटून घेणं सोपं होतं. खरं तर सासू तो आता बेकरीतच धुवायची.

सून सुखरूप बाळंत झाली, इंजेक्शनशिवाय. दुपारच्या पाळीतून थेट आलेल्या काटेमावशीच्या हातात सिस्टरनं नात ठेवली.

"तीन किलो पन्नास," मावशी म्हणाली.

सिस्टर हसली. बाळाला काट्यावर ठेवलं. तीन किलो पन्नास.

मग तिची नजर खाली गेली. दारापासून पाळण्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर एकाच पायाचे ओले, काळपट ठसे उमटले होते. बूट चालत आला होता आणि चालणारीला त्याचा पत्ताच नव्हता.

"बूट काढा," सिस्टर म्हणाली. या वेळी तिनं कुणाच्या शब्दावर भागवलं नाही.

पलंगावरून सुनेला ते दिसलं. वास आधी आला होता. "मला माहीत होतं," ती म्हणाली. खोलीत तिच्या नवऱ्यासकट चार माणसं होती, आणि ती कुणाला उद्देशून बोलली ते कुणाला कळलं नाही. सासूला कळलं.

"गप. ओल्या बाळंतिणीनं रडायचं नसतं," सासू म्हणाली. "तू तुझा शब्द पाळलास."

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

आता बेरीज करायला हरकत नाही. सुनेला इंजेक्शन लागलं नाही. नातीला हवं तेवढंच वजन मिळालं. सिस्टरच्या रजिस्टरमध्ये एक सुखरूप बाळंतपण वाढलं. चिरंजीव बोट टोचून घ्यायला अजून तयार नाहीत. मला काय झालंय, असं विचारतात आणि लिफ्टनं खाली जातात. त्यांचा आकडा कुणी काढलेला नाही. जो निघाला, तो काटेमावशीनं एकटीनं भरला.

तीन महिन्यांनी ती पुन्हा काट्याजवळ उभी राहिली. रोज दुपारी ती निघायच्या आधी सून नातीला खाली ठेवते, सासूचा पाय मांडीवर घेते, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं खिडकीच्या उजेडात बघते. मग मऊ चिंधीची घडी करून डाव्या बुटाच्या टोकाशी बसवते. दोन बोटांएवढी, कमी नाही, जास्त नाही.

"झालं का गं? पाळी चुकेल माझी."

"थांबा," सून म्हणते, आणि घडी काढून पुन्हा बसवते.