चार बोटं माया

मित्रांनो, मी पाणबुड्याचा एक जुना पोशाख आहे. पाण्यात खोल जाऊनही आतल्या माणसाला कोरडं ठेवायचं हे माझं काम, म्हणून मला ड्रायसूट म्हणतात. जुना म्हटलं तरी माझा काळा रंग अजून उडालेला नाही, आणि पायांना जोडलेले माझे बूट पुसले तर नव्यासारखे दिसतात. दिसण्यात मी कधीच कमी पडलो नाही. सगळी गोम तिथेच आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत, दुचाकी दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खोलीत एक लांबलचक टेबल होतं, त्यावर कापडाचे तुकडे पसरलेले असत आणि रबर चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास बारा महिने भरून राहिलेला असे. कापणं, शिवणं, चिकटवणं सगळं एकच बाई करायची. लहानथोर सगळी गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. ताई माप घ्यायची ते पाहण्यासारखं असे. ती माणसाला सरळ उभं राहू द्यायचीच नाही. स्वतःला मिठी मारायला लावायची, उकिडवं बसवायची, दोन्ही हात मानेमागे न्यायला सांगायची आणि तेव्हा कुठे टेप टाकायची. त्याच्याही वर ती खांद्याला आणि पाठीला चार बोटं माया सोडायची.

शिवणकाम करणारे जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे तुमच्यापैकी ज्यांनी घरात मशीन पाहिलंय त्यांना ठाऊक असेल. कपडा आखूड झाला की ही माया उसवून वाढवता येते. माझ्या बाबतीत ते होत नाही. माझ्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात, नाहीतर पाणी आत येईल. ती एकदा बसली की बसली. म्हणून माझ्या जातीच्या पोशाखाला माया द्यायची तर ती जन्माआधीच द्यावी लागते.

माझा मालक त्या खोलीत आला तो आपल्या थोरल्या भावाबरोबर. घरात त्याला छोट्या म्हणत, जरी तो पस्तिशीचा झाला होता आणि दातांच्या कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला तो दादा म्हणायचा. दादा आडवा, भरदार. छोट्या सडपातळ. दोघं मिळून पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत बुड्या मारायचे. तिथलं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार की हात घातला तर हाडं ठणकतात. इतकी वर्षं छोट्या त्या पाण्यात दादाचा जुना, ढगळ पोशाख घालून उतरत होता.

"जाड आतला पोशाख आणलाय ना?" ताईने विचारलं. माझ्या आत लोकरीसारखा जाड कपडा घालतात, ऊब त्याची. मी नुसता पाणी अडवतो.

"तो घरी राहिला," छोट्या म्हणाला. "पातळ आहे अंगात. घ्या त्याच्यावरच."

"मग पाठीला चार बोटं माया जास्त धरते."

"माया नको, ताई. जन्मभर मायेचेच कपडे घातलेत. शाळेचा शर्ट याचा, स्वेटर याचा, लग्नातला कोटसुद्धा याचाच. आई म्हणायची, वाढत्या अंगाचा आहे, येईल पुढे. मी काही वाढलो नाही. एक तरी कपडा माझ्या अंगाबरोबर शिवा."

दादा हसला. ताईही हसली. मी तेव्हा टेबलावर नुसतं कापड होतो, पण मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्या हसण्यातच माझं माप ठरलं. ताईने एकदा तोंड उघडलं होतं, पण भिंतीला तीन पोशाख अर्धवट लटकत होते, गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं, आणि हौसेपुढे कोण काय बोलणार? "नंतर मला बोल लावू नका," एवढं म्हणून तिने कात्री उचलली.

मी तयार झालो तेव्हा ताईने माझ्यात हवा भरून मला टम्म फुगवलं आणि अंगभर साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा आला तर तिथे भोक. एकही बुडबुडा आला नाही. मी पास झालो, आणि खोटं कशाला सांगू, मला गर्व झाला. छोट्याने मला घातलं आणि आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. खाणीच्या काठावर बाकीचे पाणबुडे माझ्याकडे वळून वळून पाहायचे. "काय बसलाय रे," म्हणायचे. तो उन्हाळा मी कौतुकात काढला. छोट्या घरी नेऊन मला गोड्या पाण्याने धुवायचा, मानेच्या रबराला पावडर लावायचा, चेनला मेण चोळायचा. पोटच्या पोराची घ्यावी तशी काळजी त्याने माझी घेतली.

मग पाणी आणखी गार झालं, आणि जाड आतला पोशाख कपाटातून बाहेर आला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. खोल बुडी मारणाऱ्याच्या पाठीवर हवेच्या दोन टाक्या असतात. त्यांच्या गोल चाव्या अगदी मानेमागे असतात. एखादी चावी कशाला आपटून गळायला लागली, तर हात मागे नेऊन ती ताबडतोब फिरवून बंद करायची. नाही केली तर दोन्ही टाक्यांतली हवा बघता बघता निघून जाते. म्हणून प्रत्येक बुडीच्या सुरुवातीला उथळ पाण्यात त्याचा सराव करतात. हात मागे, चावी बंद, चावी सुरू.

त्या दिवशी सरावाला छोट्याने उजवा हात मागे नेला आणि मी त्याच्या काखेत ताणला गेलो. आतला जाड कपडा आणि बाहेरचा मी, मध्ये त्याचा खांदा अडकला. त्याने जोर लावला. मीही लावला, पण मला ताणायला कापडच नव्हतं. त्याच्या बोटांची टोकं चावीला लागली. लागली फक्त, फिरली नाही. समोरून दादाने खुणेने विचारलं, झालं? छोट्याने अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं. पाण्याखाली त्याचा अर्थ, सगळं ठीक आहे.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. पुढच्या बुडीलाही तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही. तो गोल दर वेळी जरा लवकर यायला लागला, दादाने विचारायच्या आधीच. ताईकडे परत जायचं म्हणजे आपणच मागून घेतलेलं माप चुकलं असं कबूल करायचं, आणि तेही दादाच्या देखत. त्यापेक्षा छोट्याने मनाची समजूत घातली. म्हणे चावी कधी गळत नाही.

खाणीच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, तेव्हा ते खालच्या बोगद्यात गेले. बोगदा इतका बुटका की पोट तळाला आणि टाक्या छताला. दादा पुढे, दोरी धरून. छोट्या मागे. एका वळणावर त्याच्या उजव्या टाकीची चावी दगडावर आदळली, आणि माझ्या मानेमागे असा आवाज सुरू झाला की मला वाटलं पाणीच उकळतंय. बुडबुड्यांनी छत भरून गेलं. काही दिसेना. दादा वळणापलीकडे गेला होता.

छोट्याने हात मागे नेला. बोटं लागली. त्याने डाव्या हाताने उजवं कोपर ढकललं. बोटं लागली, फिरली नाहीत. माझ्यातून मला त्याचं काळीज ऐकू येत होतं. त्याला त्या वेळी काय वाटलं ते मी सांगू शकतो, कारण मी त्याच्या अंगाला चिकटलो होतो. त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या आधी लाज वाटली. तो दिवा हलवून दादाला हाक मारू शकला असता. पण हवा निघून चालली तरी तो पुन्हा पुन्हा हातच मागे नेत राहिला.

मग त्याचा डावा हात पट्ट्यावरच्या सुरीकडे गेला, आणि मला कळलं.

कोरडं ठेवणं हा माझा धर्म. पण त्या क्षणी मी मनात म्हणत होतो, काप, लवकर काप. त्याने सुरी माझ्या उजव्या काखेत घातली आणि बरगडीपर्यंत ओढली. खांदा सुटला. हात मागे गेला. चावी फिरली, आणि आवाज थांबला. त्याच वेळी खाणीचं पाणी माझ्यात शिरलं.

जीव वाचला असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. खोलवरून एकदम वर येता येत नाही. वाटेत टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं, नाहीतर रक्तातच बुडबुडे होतात. दादा परत आला, त्याने फाटलेली काख पाहिली आणि काही न विचारता छोट्याला आपली हवा दिली. वर येताना दोघं दोरीला धरून थांबत गेले. प्रत्येक थांब्यावर दादाने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. गार पाण्याने छोट्याच्या अंगाची थरथर आधी फार होती, मग ऊबच संपत आली तशी ती कमी होत गेली. कमी होत गेली तसतसा दादा त्याच्या गालावर जोरात चापट्या मारायला लागला.

वर आले तेव्हा छोट्या जिवंत होता. गारठलेल्या उजव्या हाताच्या दोन बोटांतली संवेदना मात्र गेली ती गेलीच. कवळ्यांचं बारीक काम त्या बोटांना जमेना. ज्या दवाखान्यात तो कवळ्या बनवायचा, तिथेच आता बाहेर बसून लोकांना नंबर देतो.

घरी वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, त्यांनी काय सांगितलं असेल? चेन नीट लागली नव्हती, थोडं पाणी शिरलं. या दोन भावांची ती जुनीच रीत. पाण्यातली गोष्ट पाण्यातच ठेवायची. घरी कळलं तर उद्यापासून जाणं बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेली राहावी म्हणूनच त्यांनी मला ताईकडे पाठवलं, आणि निरोप दिला, होता तसाच शिवा. काखेत आतून ठिगळ लागलं, बाहेरून पट्टी. ताईचं काम इतकं सफाईचं की शोधूनही सापडू नये. ठिगळाने मी तिथे आणखी अर्धं बोट आखडलो.

त्यानंतर दोघं भाऊ पाण्यात गेले नाहीत. मी कपाटात गेलो. आधी हँगरवर, मग घडी करून खालच्या फळीवर, चादरींखाली. मानेचं रबर चिकट झालं. कोणी पावडर लावली नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. अंधारात मी निरुपद्रवी होतो.

पण वहिनीला अडगळ सोसत नाही. काल तिने कपाट आवरलं, आणि तिच्या ऑफिसातल्या एका हौशी पाणबुड्याला चहाला बोलावलं. अंगाने अगदी छोट्यासारखा. छोट्या कामावर होता. दादा घरी होता.

"घेऊन टाका हो," वहिनी म्हणाली. "मापाने शिवून घेतला आणि जेमतेम वर्षभर वापरला. यांचं वेड उतरलं, माझा जीव भांड्यात पडला."

त्या माणसाने मला शर्टावरच चढवलं आणि पॅसेजमधल्या आरशात पाहिलं. मी त्याला छान दिसलो. तो मागेपुढे वळला. दादा दारात कप घेऊन उभा होता.

"नीट बघून घ्या हं," दादा म्हणाला.

"बघायचं काय त्यात? माझ्यासाठीच शिवल्यासारखा बसतोय."

दादाने वहिनीकडे पाहिलं. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, बोगदा, सुरी, बोटं. तो कपात बघत राहिला. चहा संपवून आत गेला.

आता मी त्या माणसाच्या गाडीच्या डिकीत आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या गोष्टी 'वस्तूंची काळजी घ्या' असं सांगून संपतात. माझी काळजी पुष्कळ घेतली गेली, ती पुरे. हा माणूस मघाशी फोनवर कोणाला तरी सांगत होता की रविवारी खाणीत उतरू, खालच्या बोगद्यापर्यंत जाऊ. त्याचा जाड आतला पोशाख माझ्याच शेजारी ठेवलेला आहे.

तो तुमच्यापैकी कोणाचा तरी काका असेल, मामा असेल, बाबाही असेल. त्याला काठावर थांबवा. तो जाड पोशाख आत घालायला लावा, वर मला घालायला लावा, आणि म्हणा, आता मानेमागे हात नेऊन दाखवा. तो हसेल आणि म्हणेल, पोचतो रे. म्हणू द्या. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.